बागेला हात लावू नये

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात माईंचं घर आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि पडवीच्या पायऱ्या उतरलं की थेट वाडी. घर तसं बेताचंच, पण वाडी सव्वा एकराची. रोठा सुपारी, कुंपणाच्या कडेने माड, केळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, पाटाच्या काठाला अळू आणि कर्दळ, शिवाय सुपारीच्या सावलीत वाढलेली पाच जायफळं. त्यांतलं एक अगदी फाटकाजवळ. या पट्ट्यात घराची ऐपत खोल्यांवरून कुणी मोजत नाही. विहिरीला पाणी किती आणि ते वाडीत कोण फिरवतं, हे विचारतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी मोडून पडल्या. सुपारीचं रोप लावलं की पहिलं पीक हाताला लागायला सहा-सात वर्षं जातात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आता नवी रोपं लावायची ती कुणासाठी, असं गावात बरेच जण बोलले. माईंनी ते ऐकलं आणि पावसाळा संपायच्या आत जुना गडी तात्या याला घेऊन रिकाम्या जागा भरून काढल्या. सावली गेल्यामुळे जायफळांची पानं करपायला लागली होती, म्हणून त्यांच्या पश्चिमेला केळी लावल्या.

पुढच्या दोन वर्षांत माईंचे गुडघे गेले. पुण्याला मुलाकडे जाऊन दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची ठरली. त्यानंतर निदान वर्ष-दोन वर्षं तरी वाडीचे चढउतार नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं. मग घराचं काय करायचं? कोकणात बंद घर दोन पावसाळेसुद्धा काढत नाही. वानरं कौलं सरकवतात, गळतं कुठे ते कुणाला दिसत नाही, वाशांना वाळवी लागते. माणूस राहता असला की चूल पेटते, दार उघडतं, घर कोरडं राहतं. मुलगा म्हणाला, "भाड्याने देऊ या." माईंनाही ते पटलं.

पहिले विचारायला आले ते प्राथमिक शाळेचे गुरुजी. बीडकडचे. बदली होऊन इथे आलेले, बायको आणि दोन मुलांसह गावात दोन खोल्यांत राहत होते. घर त्यांनी पाच मिनिटांत पाहून संपवलं आणि वाडीत मात्र दिवेलागण होईपर्यंत रेंगाळले. विहिरीत वाकून पाहिलं.

"माई, हे पाणी मे महिन्यातबी टिकतं?"

"मे संपेपर्यंत टिकतं. पंप दोन वेळा थांबवून चालवावा लागतो, एवढंच."

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. पाण्याच्या टँकरची वाट बघत लहानपण गेलेल्या माणसाला बारमाही विहीर पाहून काय वाटतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जाताना त्यांनी विचारलं, "शाळेच्या आधी रोज तासभर वाडीत काम केलं तर चालंल का? आळी ओढीन, पाचोळा भरीन. त्याचं मला काही नको. पोरांना बघायला मिळंल." भाडं त्यांना महिना सात हजारांच्या वर झेपत नव्हतं.

माईंना माणूस आवडला. त्यांनी रात्री पुण्याला फोन केला, तर मुलगा सावध झाला. "वाडीत काम करतो म्हणाला? स्वतःहून?"

ही सावधगिरी त्याला घरातूनच मिळाली होती. त्याच्या आजोबांची खाडीकडे भातशेती होती. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. त्यात ती शेती गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या खाचरांत चिखल तुडवला होता त्यांना ती मिळाली, हे न्यायाचंच झालं, असं मी मानतो. पण माईंच्या सासरी त्या दिवसापासून एक वाक्य घराला चिकटून राहिलं: आपल्या जमिनीत दुसऱ्याला कसू देऊ नका, कूळ लागेल. मुलाने आयुष्यात एक रोप लावलेलं नव्हतं. कोणत्या पोफळीला कधी पाणी, हेही त्याला ठाऊक नव्हतं. वाडीविषयी त्याला पक्कं माहीत होतं ते हे एकच वाक्य.

पंधरा दिवसांनी मुंबईचं एक जोडपं घर बघून गेलं. दोघांचंही काम संगणकावरचं, घरबसल्या चालणारं. दोघं बोलायला मोकळी आणि समजूतदार. भाडं बावीस हजार द्यायला तयार होती. निघताना नवरा म्हणाला, "बागेची काळजी करू नका. आम्ही बागेला हातसुद्धा लावणार नाही, नुसती बघत बसू."

मुलाला हेच हवं होतं.

त्याने करार करायला घेतला आणि तो चोख केला, हे कबूल करायलाच हवं. गावाकडे तेव्हाही पुष्कळ लोक शंभराच्या कागदावर लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती केली नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मुलाने हे सगळं वाचलं होतं. अकरा महिन्यांची मुदत, अनामत, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, काहीही राहिलं नाही. सोबतचं परिशिष्ट तीन पानांचं होतं. पंखे किती, नळ किती, तांब्याचा बंब, झोपाळ्याच्या पितळी कड्या, माजघरातलं शिसवी कपाट आणि त्याच्या दोन किल्ल्या, सगळ्याची नोंद होती. सव्वा एकर वाडीसाठी एकच अट होती: परवानाधारकाने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बागेत कोणतीही लागवड, मशागत वा तोड करू नये.

माईंनी विचारलं, "मग वाडी बघायची कुणी?"

त्याचीही त्याने तजवीज केली होती. वाडीभर ठिबक बसवलं. पंपाला मोबाईलवर चालणारा स्टार्टर लावला. पुण्यात बसून बटण दाबलं की इथे पंप सुरू, पुन्हा दाबलं की बंद. तात्याला सांगितलं की रोज यायची गरज नाही, पाडपाच्या वेळी बोलावू. तात्याने मान हलवली. त्याने त्या वाडीत चाळीस पावसाळे काढले होते, पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

जुलै २०२२ मध्ये जोडपं राहायला आलं. त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझ्यापाशी काही नाही. भाडं पाच तारखेच्या आत येई. ओटी सारवल्यासारखी स्वच्छ असे. कौलं त्यांनी पदरच्या पैशाने परतून घेतली. त्यांनी शब्द दिला होता की बागेला हात लावणार नाही आणि तो शब्द त्यांनी पुरता पाळला.

ठिबकच्या नळ्या उंदरांनी आणि साळिंदरांनी कुरतडल्या तेव्हाही त्यांनी तो पाळला. पंप सुरू झाला की विहिरीजवळच्या तुटक्या तोंडातून पाणी भसाभस एका जागी साचायचं आणि वाडीची वरची बाजू कोरडी राहायची. फेब्रुवारीत त्या बाजूच्या रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले. बाईच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी तिने बागेच्या नळाला पाइप जोडलासुद्धा. मग तिला अट आठवली. पाइप तसाच ठेवून तिने पुण्याला फोन केला, "वरच्या बाजूची झाडं जरा सुकल्यासारखी वाटतात. मी पाणी घालू का?"

मुलाने मोबाईल बघितला. पंप सुरू असल्याचा हिरवा दिवा दिसत होता. "पाणी चालू आहे. मला इथून दिसतंय. तुम्ही कशाला त्रास घेता?"

तिने पाइप गुंडाळून पडवीत ठेवला. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या पाइपचं. हात पुढे आला होता आणि आपण त्याला नको म्हटलं.

पावसाळ्याच्या तोंडाला सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायचं असतं, नाहीतर कोळेरोग येतो आणि कोवळी फळं सड्यासारखी खाली पडतात. त्या वर्षी ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. भाडेकरूंना माहीत असायचं कारण नव्हतं, तात्याला बोलावलं नव्हतं आणि माई दुसऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होत्या.

त्याआधी, एप्रिलमध्ये, आणखी एक गोष्ट घडून गेली होती. शनिवार-रविवारी भाडेकरूंकडे पाहुणे यायचे आणि गाड्या रस्त्यावर लावाव्या लागायच्या. शेजारी कुरकुरत. फाटकाजवळचं जायफळाचं झाड मधे येत होतं. नवऱ्याने झाडाचा फोटो पाठवला आणि अदबीने लिहिलं, की वर्ष होत आलं, बाकीच्या चारांवर फळं दिसतात, याच्यावर एकही नाही, तुमची परवानगी असेल तर काढून गाडीला जागा करू का? मुलाने फोटो मोठा करून पाहिला. खरंच, एकही फळ नव्हतं. त्याने लिहिलं, "काढा." करारात म्हटल्याप्रमाणे परवानगी लेखी झाली.

त्या पावसाळ्यात जायफळांचं काही बिघडलं नाही. चार झाडांची फळं नेहमीसारखी उकलली आणि लाल जायपत्री दिसायला लागली. तात्याने ती वेचून वाळवून एसटीने पुण्याला पिशवी पाठवली. माईंनी पिशवीत हात घालून वास घेतला. मुलगा म्हणाला, "बघ, वाडी चालली आहे."

करार आणखी अकरा महिने वाढला. मे २०२४ मध्ये दोघांनाही कंपनीने मुंबईला परत बोलावलं. त्यांनी घर झाडून-पुसून, परिशिष्टातली एकेक वस्तू मोजून ताब्यात दिली. झोपाळ्याच्या कड्यासुद्धा घासलेल्या होत्या. मुलाने अनामत त्याच दिवशी परत केली. वाडीत मात्र तो गेला नाही. परिशिष्टात वाडी नव्हतीच.

त्या पावसाळ्यात एसटीने पिशवी आली नाही. माईंनी आधी वाट पाहिली, मग तात्याला फोन लावला. तात्या एवढंच म्हणाला, "माई, तुम्ही या एकदा."

श्रावणात माई मुलासोबत ताम्हिणीतून, माणगाव-म्हसळा करत गावी आल्या. नव्या गुडघ्यांवर, काठी टेकत त्या पडवीच्या पायऱ्या उतरल्या. वरच्या बाजूची निसर्गनंतर लावलेली रोपं बहुतेक गेली होती. उभ्या पोफळींखाली कुजलेल्या सुपाऱ्यांचा थर होता. जायफळं हिरवीगार दिसत होती, पण फांद्या चाचपल्या तर फळ नाही. चारांतल्या एकावरही नाही.

"फूल आलं होतं?" माईंनी विचारलं.

"आलं. गळून गेलं सगळं." तात्याने फाटकाकडे हात केला. "नर कुठं ऱ्हायला?"

मुलगा दोघांकडे बघत राहिला. माई खुंटाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला सांगितलं. जायफळात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी रुजवलं तर सहा-सात वर्षांनी फुलावर येईपर्यंत कोणतं काय ते ओळखता येत नाही. तुझ्या आजोबांनी सात रोपं लावली होती. त्यांतले तीन नर निघाले. दोन त्यांनी काढले आणि एक ठेवला, कारण दहा माद्यांना एक नर पुरतो, पण एकही नसेल तर दहाच्या दहा वांझ राहतात. शेजारच्या वाडीत एक नर होता, तो वादळात पडला. उरला होता हा. याला फळ कधीच येणार नव्हतं. याच्या बारीक पिवळट फुलांमधला पराग वारा आणि किडे त्या चारांपर्यंत नेत, म्हणून त्यांना फळ धरे.

"पण गेल्या वर्षी पिशवीभर आली होती," मुलगा म्हणाला.

"ती त्याच्या आदल्या बहराची. फूल धरल्यापासून फळ पिकायला नऊ महिने लागतात. तू झाड तोडलंस तेव्हा फळं फांदीवर होती."

मुलाने खाली मान घातली. माई रागावतील असं त्याला वाटलं असावं. माईंचा सूर चढला नाही. त्या म्हणाल्या, "तुला कसं कळणार? तू वाडीत आलास की आम्हीच तुला हाकलत होतो. चिखल करू नकोस, अभ्यासाला बस. आजोबांनी तुला कुळाची भीती शिकवली. वाडी शिकवायची राहूनच गेली. ती चूक आमची." आणि मग खुंटावरची कोवळी फूट काठीने दाखवत, "हे वाढलं तर वाढलं. पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगा श्रीवर्धनला एका जुन्या वकिलांकडे गेला. आजोबांपासून ऐकत आलेलं वाक्य त्याने प्रथमच कुणाला तरी तपासायला दिलं. वकिलांनी कुळकायद्याचं पुस्तक काढून कलम ४ उघडलं. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो हे खरं. पण त्याच कलमात अपवादही लिहिले आहेत. मालकाच्या घरचा माणूस कूळ ठरत नाही. पिकाच्या हिश्श्याऐवजी रोख किंवा वस्तूंत मजुरी घेणारा नोकरही ठरत नाही. "तुम्ही तात्याला चाळीस वर्षं मजुरी दिलीत, कूळ लागलं?" वकिलांनी विचारलं. "भाडं घराचं, ते एका कागदात. वाडीचं काम पगारावर, ते दुसऱ्या कागदात, दर महिन्याची पावती. आणि ई-पीक पाहणी तुम्ही स्वतः करा. त्यासाठी बांधावर उभं राहून झाडाचा फोटो काढावा लागतो. निदान त्या निमित्ताने तरी वाडीत याल."

मुलगा तिथूनच शाळेत गेला. गुरुजी अजून त्याच दोन खोल्यांत होते. आता त्यांच्या मनात राग असता तरी तो गैर म्हणता आला नसता, पण त्यांनी आधी विचारलं ते हे, की वरच्या बाजूची रोपं किती वाचली.

करार नव्याने लिहिला गेला. भाडं आठ हजार. जिल्हा परिषदेच्या नोकरीमुळे गुरुजींना दुसरा पगार घेता येत नव्हता आणि त्यांना तो नकोच होता. म्हणून पगारी माणूस तात्याचा पुतण्या ठरला, रोज सकाळचे तीन तास. काय करायचं ते तात्या बसल्या जागेवरून सांगणार आणि गुरुजी देखरेख ठेवणार. या वेळी परिशिष्ट माईंनी सांगितलं. दोन दिवस त्या खुर्ची घेऊन वाडीत बसल्या आणि मुलगा लिहीत गेला: कुठली पोफळ कोणत्या वर्षीची, कुठल्या माडाला भुंगा लागतो, मे महिन्यात पंप किती वेळाने थांबवायचा, बोर्डो कधी फवारायचं. आठ पानं झाली. पंखे आणि नळ शेवटच्या अर्ध्या पानात आले.

एका ओळीवर वकील अडले. माईंना लिहायचं होतं की गुरुजींच्या घरी लागतील तेवढे नारळ, केळी, अळू त्यांनी न विचारता घ्यावेत. वकील म्हणाले, "माई, हे लिहू नका. हिस्सा दिल्यासारखं दिसेल."

"माझ्या वाडीत राहणारी मुलं नारळ विकत आणतील?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी वकिलांनीच वाक्य बसवून दिलं: घरगुती वापरापुरती फळे मालकाच्या संमतीने, कोणत्याही मोबदल्याशिवाय. माईंनी ते दोनदा वाचून घेतलं, मग अंगठा लावला.

पाऊस उघडायच्या आत मुलगा दापोलीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत जाऊन कलमं घेऊन आला. एक नराचं आणि दोन कोकण संयुक्ता जातीची. या जातीत नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, हे त्याने तिथल्या माणसाला दोनदा विचारून घेतलं. कलमांना फळ धरायला चार-पाच वर्षं तरी लागणार होती. खड्डे त्याने स्वतः खणले. गुरुजींच्या मुलाने माती ओढली आणि मुलीने वहीत तारीख लिहिली. नराचं कलम फाटकापासून पाच हात आत लावलं, म्हणजे गाडीलाही जागा राहिली.

संध्याकाळी त्याने पुण्याला परतलेल्या माईंना फोन केला. "माई, लावली तिन्ही कलमं. पाणी घातलं. वर झावळ्यांची सावलीही केली."

"कुठल्या बाजूने केलीस?"

"पूर्वेकडून. सकाळचं ऊन थेट येतं तिकडून."

"सकाळच्या उन्हाने काही होत नाही. दुपारनंतरचं लागतं, ऑक्टोबरात तर फार. पश्चिमेकडे कर. आणि उद्या सकाळी निघायच्या आधी कर, गुरुजींवर टाकू नकोस. त्यांची शाळा असते."